तीन गजांचा अँटेना

बाबा,

तेरा दिवस ते तुम्हाला हाक मारत होते आणि तेरा दिवस मी नुसती ऐकत होते.

सकाळी सात वाजता मी तुमच्या टेबलाशी बसायची आणि जुना रिसीव्हर लावायची. आधी इंदूरचे डॉक्टर यायचे, मग जबलपूरचे मेजर, मग अकोल्याचे मास्तर. डॉक्टर सगळ्यांची हजेरी घेत घेत तुमच्या कॉलसाइनशी, म्हणजे परवान्यावरच्या तुमच्या खुणेच्या नावाशी, यायचे आणि थांबायचे. "नागपूर? नागपूर, सुन रहे हो?" मग खरखर. मी खुर्चीत हलतही नसे, जणू मी हलले तर त्यांना ऐकू जाईल. थोडा वेळ वाट बघून डॉक्टर म्हणायचे, "जीप लेकर गाँव निकल गए होंगे. कल देखेंगे."

तुम्ही गेल्यावर भेटायला आलेल्या बायकांना तुमचा हा छंद कसा समजावून सांगायचा ते आईला कळत नव्हतं. ती म्हणाली, "हे रेडिओवर बोलत. म्हंजे रेडिओवर नाही, रेडिओतून. घरीच बनवला होता. लायसन होतं सरकारचं. दूरदूरच्या लोकांशी रोज सकाळी गप्पा." एका मावशींनी विचारलं, "मग त्या लोकाइले कळवलं का वं?" आईनं माझ्याकडे बघितलं. मी पाण्याचे पेले उचलून आत गेले.

कळवायला हवं होतं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. घरात परवाना असलेलं दुसरं माणूस मीच. तो गेल्या दिवाळीत आला, तेव्हा तुम्ही पेढे आणलेत, लिफाफा देवापुढे ठेवलात आणि संध्याकाळीच मला जीपमध्ये बसवून माइक माझ्या तोंडापुढे धरलात. "बोल." मी मान हलवली. "नुसतं नाव सांग, बेबी. नागपूर म्हण." मला ते गोल काळं तोंड दिसत होतं आणि त्याच्यापलीकडे अंधारात बसलेली, मला न दिसणारी माणसं. मी म्हटलं, "नंतर." तुम्ही माइक हुकला अडकवलात आणि म्हणालात, "लिहिताना बोट अडत नाही, परीक्षेत मोर्स कोड पटापट घेतला, अन् बोलाचं म्हटलं की दातखीळ. कॉन्व्हेंटात इतके वर्ष काय शिकून राहिली होती?"

ऐकायला शिकत होते, बाबा. तेवढंच नीट शिकले.

आज चौदाव्या दिवशी हे लिहिते आहे. आज सकाळी काय झालं ते तुम्हाला सांगायचं आहे. पण त्याच्याआधी अँटेन्याचं भांडण मिटवायला हवं, कारण ते आपण अर्धवट ठेवलं.

ढोबळे काकांमुळे सगळं सुरू झालं, हे तुम्हालाही मान्य होतं. तुम्ही घरून बोलायला लागलात की शेजारी त्यांच्या रेडिओवरच्या भक्तिगीतांत तुमचा आवाज शिरायचा. एके दिवशी ते गंजीफ्रॉकवर कुंपणाशी आले आणि ओरडले, "अरे गा, विठ्ठलाच्या मधात हे इंदूर काहून येऊन राहिलं?" तुम्ही हात जोडलेत. त्या आठवड्यात सेट घरातून काढून जीपमध्ये बसवलात आणि रोज सकाळी तलावापलीकडच्या मोकळ्या मैदानावर जाऊन बोलायचं ठरवलंत. जीपला अँटेना हवा, आणि कोणता हवा यावरून आपलं जुंपलं.

मला आखूड हवा होता. मेजरसाहेबांनी तसा एक वापरून बघायला पाठवला होता, हातभर उंचीचा, मधे जाड गुंडाळी असलेला. किती सुबक दिसत होता तो! लांबून कोणाच्या लक्षातही आला नसता. तुम्ही तो लावलात, दहा मिनिटं बोललात, कोणाला नीट ऐकू गेलं नाही. मग खाली उतरून म्हणालात, "हात लाव." गुंडाळी तापली होती. "पाहिलं? सगळी ताकद इथंच. बाहेर काही जातच नाही. बोलणं कमी, आतल्या आत तापणंच जास्त." आणि मग हसत, "तुह्यासारखं."

मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुमच्या म्हणण्याला तेवढा पुरावा पुरला.

मग तो भंगारवाला. मिलिटरीच्या टाकाऊ मालाच्या ढिगातून त्यानं तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादी कांब्या ओढून काढल्या. एकीत एक आटे फिरवून बसवल्या की उभी वेताची छडी व्हायची. त्यानं टोक धरून ती जमिनीपर्यंत वाकवली आणि सोडली. ती सण्णकन सरळ झाली आणि बराच वेळ थरथरत राहिली. "साब, मुड़ेगा, टूटेगा नहीं." तुमचा चेहरा मी बघत होते. गांधीबागेतल्या आपल्या कापडाच्या दुकानात एखादं चांगलं ठाण उलगडलं की तुमचा चेहरा असाच व्हायचा. तुम्ही दुकानातला पितळी गज मुद्दाम सोबत आणला होतात. मीटर येऊन इतकी वर्षं झाली, पण तुमच्या हाताला गजच कळायचा. तिथेच उकिडवे बसून मोजलंत: एक, दोन, तीन, आणि वर चार बोटं.

"बाबा, तीन गज म्हणजे नऊ फूट. प्लीज. लोक हसतील."

"हसू दे. लोक टीव्हीसाठी घरावर आख्खा मांडव उभा करून राहिले, त्याले कोणी हसते का?"

"तो घरावर असतो. हा माझ्या कॉलेजात येईल."

तेव्हा तुम्ही हसलात, कारण तुम्हाला ती गंमत वाटली. मी गंमत केली नव्हती.

आता सांगते, तो अँटेना आल्यापासून रस्त्यातून जाणं मला नको वाटायचं. सीताबर्डीच्या चौकात पोलीस तुम्हाला सलाम ठोकायचा. त्याला ती साहेबांची गाडी वाटायची, आणि तुम्हीही गंभीर चेहऱ्यानं सलाम घ्यायचात. पानठेल्यावरचे लोक विचारायचे, "भाऊ, याच्यावर मॅच लागते का?" तुम्ही गाडी थांबवून त्यांना समजावून सांगायला लागायचात. मी पुस्तक उघडून त्यात बघायची. त्याच पानावर.

आणि तशात आईचं लिंबू.

जीपला लिंबू-मिरची ती आधीपासून बांधायची, पुढच्या बंपरला. अँटेना आल्यावरच्या पहिल्या शनिवारी तिनं जागा बदलली. "नजर पडली तं याच्यावरच पडन. सारा मोहल्ला पाहून राहिला." तुम्ही काम करण्यासाठी अँटेना वाकवून ठेवला होता, तिनं टोकापासून हातभर खाली लिंबू आणि सात मिरच्या तारेनं घट्ट बांधल्या. मिरच्या भिवापूरच्याच; तुम्ही तिकडच्या दुकानदारांच्या ऑर्डरी घ्यायला गेलात की तिच्यासाठी पिशवी भरून आणायचात. अँटेना सोडला तसं लिंबू आकाशात गेलं.

तुम्ही वर बघून म्हणालात, "राहू दे. एका लिंबानं काय होते?"

मग तुम्ही मीटर जोडलात. काटा डावीकडे पडला म्हणजे आपलं बोलणं हवेत जातं आहे, उजवीकडे झुकला म्हणजे ते अँटेन्यातून उलटं परत येतं आहे, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. काटा उजवीकडे होता. "लांब आहे. चार बोटं जास्त ठेवले होते न." कापडवाल्याचा हात तुमचा: आधी जास्त ठेवायचं, मग बेतानं कापायचं. टोक वाकवून घेतलंत, करवतीच्या पात्यानं एक बोट कापलंत. काटा थोडा हलला. आणखी एक बोट. आणखी एक. चार बोटं संपली, तरी तुम्ही कापत होतात. सगळं मिळून वीतभर गेल्यावर काटा डावीकडे जाऊन पडला आणि तुम्ही लहान मुलासारखी टाळी वाजवलीत.

मी ओट्यावर बसून बघत होते. मला माहीत होतं, बाबा. परीक्षेसाठी तुम्हीच आणून दिलेल्या पुस्तकात होतं: टोकाजवळ काहीही टांगलं तर अँटेना आहे त्याहून लांब असल्यासारखा वागतो. ओलं लिंबू, ओल्या मिरच्या, त्यात तार. तुम्ही पहिलं बोट कापलंत तेव्हाच माझ्या मनात आलं, आधी लिंबू काढून बघा. माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मग वाटलं, तुम्हाला कळत असेलच. मग वाटलं, माझं चुकलं तर? मग वाटलं, बरं होतंय, कापू द्या, तेवढा तरी आखूड होईल.

हे शेवटचं मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी आईनं सुकलेलं लिंबू काढलं, नवं ओवेपर्यंत तुम्ही सहज सेट लावला आणि काटा पार उजवीकडे गेला. तुम्ही जोड तपासलेत, तारा हलवल्यात, बॅटरी बघितलीत. आई आली, नवं लिंबू बांधलं. काटा डावीकडे. तुम्ही आईकडे बघितलंत, वर बघितलंत आणि खाली बसलात. मी म्हटलं, "मला वाटलंच होतं."

"तुले माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं काहून नाही वं?"

तुम्ही रागावला नव्हतात. तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं होतं. वीतभर कांबीपेक्षा तुम्हाला त्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं. मी खांदे उडवले.

एक तारेचा तुकडा टोकाला जोडला असता तर काम झालं असतं. तुम्ही जोडला नाहीत. उलट त्या दिवशी आईला म्हणालात, "आजपासून या स्टेशनाची इंजिनीअर तू. लिंबू ताजं असल तं नागपूर इंदुरात ऐकू जाईन." आईला पहिल्यांदा तुमच्या रेडिओत काही आपलं आहे असं वाटलं. ती लिंबं दाबून दाबून निवडायला लागली. तुमच्या रेडिओवरच्या बैठकीत ही गोष्ट पसरली आणि डॉक्टर रोज विचारायला लागले, "नागपूर, आज नींबू ताज़ा है?" तुम्ही घरी येऊन आईला सांगायचात आणि ती पदर तोंडाला लावून हसायची. तुमच्या दोघांचं इतकं हसणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. ते माझ्या न बोलण्यातून निघालं, हे मात्र फक्त आपल्या दोघांना माहीत होतं.

आता कॉलेजचं.

दुकान एका टोकाला, कॉलेज दुसऱ्या टोकाला, तरी तुम्ही मला सोडायला यायचात. मी बसनं जाईन म्हटलं की म्हणायचात, "मले तिकडं कामच आहे." काय काम होतं ते मी कधी विचारलं नाही. अँटेना लागल्यावर मी फाटकाच्या आधीच्या कोपऱ्यावर उतरायला लागले. पहिल्या दिवशी म्हटलं, झेरॉक्स काढायची आहे. दुसऱ्या दिवशी, मैत्रीण थांबली आहे. नंतर कारण सांगणं सोडून दिलं आणि तुम्ही विचारणं. कोपरा आला की तुम्ही आपण होऊन ब्रेक दाबायचात. मी मागे न बघता चालायला लागायची. आपल्या घरात सगळं बघण्याची सवय मला आहे. तुम्हीही बघत होतात, हे माझ्या लक्षात आलं नाही.

त्या दिवशी सकाळी तुम्ही मैदानावरून परत आलात, चहा घेतलात आणि मी बाहेर आले तर अँटेना उभा नव्हता. तुम्ही तो मागून पुढे कमानीसारखा वाकवून टोक समोरच्या काचेच्या चौकटीला बांधलं होतं, दुकानातल्या एका हिरव्या काठाच्या पट्टीनं. लिंबू काचेच्या एका बाजूला येऊन लोंबत होतं. वाटेत आपण काही बोललो नाही. कोपरा आला, तुम्ही ब्रेक दाबला नाहीत. जीप थेट फाटकाशी नेऊन उभी केलीत.

"आता तं नाही दिसत न कोणाले?"

मी म्हटलं, "हो. आता ठीक आहे."

आणि उतरले. एवढंच. "हो. आता ठीक आहे." दुपारी दुकानातून फोन आला, आणि तुम्हाला मी सांगितलेलं शेवटचं वाक्य हे राहिलं.

संध्याकाळी तुमच्या दुकानातले देवरावजी जीप अंगणात आणून लावून गेले. तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी खिडकीतून बघितलं, अँटेना तसाच वाकलेला होता. दुसऱ्या दिवशीही. लोक येत होते, जात होते, जीपच्या बाजूला चपला काढत होते आणि तो तसाच वाकून उभा होता. मला सोडल्यावर पुढच्या वळणावर तुम्ही तो सोडला नव्हतात, दुकानाशी पोचल्यावरही नाही. सोडायचा राहून गेला? की संध्याकाळी मला घ्यायला यायचं होतं म्हणून तसाच ठेवलात? हे मला आता कोण सांगणार? गेले तेरा दिवस मी या एका प्रश्नाभोवती फिरते आहे आणि मला दोन्ही उत्तरं सहन होत नाहीत.

त्या माणसांना पत्रानं कळवता आलं असतं. तुमच्या टेबलापुढच्या भिंतीवर सगळ्यांनी ओळख म्हणून पाठवलेली कार्डं लावलेली आहेत, पत्त्यांसकट. पाचव्या दिवशी मी लिहायला बसले. इंग्रजीत लिहिलं, चार ओळी, एकही चूक नाही. वाचून बघितलं. ते वाचताना मला तो कोपरा दिसला. पत्र टाकणं म्हणजे पुन्हा कोपऱ्यावरच उतरणं होतं. मी कागद फाडला. पण दुसरं काही केलंही नाही. काल तेरावं झालं. डॉक्टर आज सकाळी नेहमीसारखं "कल देखेंगे" म्हणतील, असं धरून मी बसले होते, तर ते म्हणाले, "नागपूर का आज तेरह दिन से कुछ पता नहीं. किसी के पास ख़बर हो तो बताना. मन नहीं लग रहा."

म्हणजे तेही मोजत होते.

मी उठले आणि अंगणात गेले. हिरव्या पट्टीची गाठ तुमची, दुकानात गाठोडं बांधता तशी, एक टोक ओढलं की सुटणारी. मी ओढलं. अँटेना माझ्या हातातून सण्णकन सुटला, जीपच्या वरून मागे गेला आणि थरथरत उभा राहिला. मी आत बसून सेट लावला. बॅटरी अजून जिवंत होती. मीटरचा काटा पार उजवीकडे.

वर बघितलं. लिंबू सुकून काळं पडलं होतं.

आई दारात उभी होती. ती केव्हा आली कळलं नाही. मी म्हटलं, "आई, लिंबू लागेल." तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ती म्हणेल, आता कोणासाठी? ती आत गेली. येताना तिच्या हातात लिंबू होतं, तार होती आणि तुम्ही शेवटच्या खेपेला आणलेल्या पिशवीतल्या मिरच्या. सात तिनं मोजून ओवल्या. मी अँटेना वाकवून धरला, तिनं जुनं काढून नवं बांधलं आणि म्हणाली, "सोड आता."

काटा डावीकडे गेला, बाबा. पूर्ण डावीकडे.

मी माइकचं बटण दाबलं. तुमची कॉलसाइन म्हणायची की माझी, हे मी ठरवलंच नव्हतं. माझी म्हटली. पहिल्यांदा. आवाज इतका बारीक निघाला की माझा मलाच ओळखू आला नाही.

"कौन है? फिर से बोलिए," मेजर म्हणाले.

मग डॉक्टर, हळू आवाजात, "ये नागपूर है. बेटी है उनकी. बोलो बेटी, हम सुन रहे हैं. आराम से."

मी सांगितलं. हिंदीत सुरू केलं, मधेच इंग्रजी आलं, शेवटी मराठीत म्हटलं, "माझे बाबा गेले." अकोल्याच्या मास्तरांना ते कळलं असणार, कारण त्यांच्याकडून नुसतं "अरे, अरे" आलं. मग कोणीच बोललं नाही. सगळेजण तिथेच होते, मला कळत होतं. कोणी जायचं असलं की तसं सांगून जातं, आणि कोणी तसं सांगितलं नव्हतं. तेवढी शांतता मी आजवर कधी ऐकलेली नाही आणि मला ऐकण्याची किती सवय आहे हे तुम्हाला माहीत आहे. त्याच वेळी लक्षात आलं, ढोबळे काकांचा रेडिओही बंद झाला होता. मी अंगणातूनच बोलले होते. त्यांच्या भक्तिगीतांत माझा आवाज गेला असणार. मान वळवली तर ते कुंपणाशी उभे होते, हात जोडून.

बऱ्याच वेळानं डॉक्टरांनी विचारलं, "नींबू किसने बाँधा, बेटी?"

"आईनं," मी म्हटलं. आई जीपच्या दाराला धरून उभी होती. तिनं ते ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. या वेळी हसण्यासाठी नाही.

दहा वाजता देवरावजी जीप दुकानात न्यायला आले. मलाही आजपासून कॉलेजला जायचं होतं. त्यांनी अँटेन्याकडे बघितलं, सीटवरची हिरवी पट्टी उचलली आणि म्हणाले, "बेबीताई, बांधून टाकू का? साहेब त्या दिवशी सांगत होते, तुमाले आवडत नाही म्हणून."

तुम्ही त्यांनाही सांगितलं होतंत.

मी म्हटलं, "नको. राहू द्या उभा. आणि मला फाटकाशी सोडा."

कोपरा आला, गेला. फाटकापाशी बरीच मुलं-मुली उभी होती. जीप थांबली तरी वर अँटेना बराच वेळ डोलत राहिला, लिंबासकट. सगळ्यांनी माना वर केल्या. कोणीतरी हसलंही. मी उतरले, आणि आज मागे वळून मीही वर बघितलं.

दिसतो, बाबा. सगळ्यांना दिसतो.